कळसाडीच्या बाया दारवर आल्या

परत आल्यापासून आळीतल्या बायका मला एकच विचारताहेत, "खानदेशात एवढं पाहण्यासारखं काय आहे हो?" हा प्रश्न खानदेशाबद्दल नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. घटस्फोट झालेली बाई तीन आठवडे कुठे राहिली, कुणाकडे राहिली आणि ओक्याबोक्या हातांनी गेलेली येताना निळ्या बांगड्या भरून कशी आली, हे त्यांना हवं आहे. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते. निदान जिने तो मुलूख पाहिलेला नाही, तिला थोडा मुलूख तरी कळेल.

जायची कल्पना माझी नव्हती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पूर्वी शहाद्याकडे ओव्हरसियर होता. तेव्हा तो चार वर्षं कळसाडी नावाच्या गावी एका गुजर शेतकऱ्याच्या घरी राहिला होता. एक दिवस जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "सुमन, हिरामायकडे जाऊन ये. हवापालट होईल." वहिनी लगेच म्हणाली, "खरंच जा." इतक्या लगेच म्हणाली की माझा घास हातातच राहिला. जानेवारीत माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, पाहायला माणसं यायची होती. घरात नवऱ्याने टाकलेली आत्या दिसायला नको, हे मी न सांगता समजले. बोलले मात्र काही नाही. ट्रंक काढली.

माझा स्वभाव आधी असा नव्हता, हे सांगायला हवं. चोवीस वर्षं संसार केला आणि त्या चोवीस वर्षांत कुणाचा म्हणून संशय घेतला नाही. ज्यांना मी 'अहो' म्हणत होते, त्या गृहस्थांनी गावातच दुसरं घर केलं होतं. ते दूधवाल्याला ठाऊक होतं, समोरच्या काकूंना ठाऊक होतं, ऑफिसच्या शिपायाला ठाऊक होतं. सहा वर्षं सगळी आळी माझ्याशी हसून बोलत होती. ठाऊक नव्हतं ते एकटीला मला. मग गृहस्थ उघडपणे तिकडे राहायला गेले आणि मी आळीतल्याच दादाच्या घरी आले. आधी कोर्टाने विभक्त राहण्याचा हुकूम दिला आणि दोन वर्षांनी घटस्फोटाचा. त्यालाही आता चार महिने झाले होते. या सगळ्या काळात मी एकदाही रडले नाही. लोकांना वाटलं बाई खंबीर आहे. मी खंबीर वगैरे नव्हते. रडायला बसले तर कोण कुठून बघत असेल, याचाच हिशेब मनात चालू असायचा.

कुंकवाचंही तसंच. घटस्फोटितेने कुंकू लावावं की लावू नये, याबद्दल निकालपत्रात काही लिहिलेलं नव्हतं. दोन महिने लावलं, तर काकू कपाळाकडे रोखून बघायच्या. मग पुसलं, तरी बघायच्याच. आईने दिलेला चांदीचा करंडा मी ट्रंकेच्या तळाशी, पातळांच्या खाली ठेवला. का ठेवला ते मला आजही सांगता येणार नाही.

तापी

गाडीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. जळगावला गाडी बदलून दोंडाईच्याला उतरले आणि तिथून एसटीने तापीपर्यंत आले. पलीकडे जायला नाव. जानेवारीतली तापी रुंद पण शांत असते. पाणी हिरवट, काठावर टरबुजाच्या वाड्यांची तयारी चाललेली. आमच्या गोदावरीला घाट, देवळं आणि भटजी आहेत. ही नदी आपली शेतकऱ्याच्या बायकोसारखी, कामात.

नावेत दोन शेळ्या, एक सायकल, मिरच्यांची पोती आणि सातआठ माणसं होती. नावाड्याने माझी ट्रंक अगदी कडेला ठेवली. मी ती आत घ्यायला सांगितली तर म्हणाला, "काही व्हत नही, बाई." हे शब्द मी पूर्वीही ऐकले होते, वेगळ्या माणसाकडून. मी ट्रंकेच्या कडीवर हात ठेवून बसले.

माझ्यासमोर एक किडकिडीत बाई बसली होती. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मनगटांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोठेन उनी, बाई?"

"नाशिकहून."

"मालक काय करतस?"

मला विचार करायला वेळच मिळाला नाही. म्हणजे मिळाला असता, पण तोंड आधीच बोलून गेलं होतं. "वारले," मी म्हटलं. "चार महिने झाले."

बाईने "अरे राम" म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मला इतकं हलकं वाटलं की सांगायची लाज वाटते. नाशिकमध्ये चार महिने जे कुणी केलं नव्हतं, ते या अनोळखी बाईने एका क्षणात केलं होतं. हळहळली होती. मग मी शहाणपणा करून विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"कळसाडीनी. मन्हं नाव भिकी."

ट्रंकेच्या कडीवरचा माझा हात सुटला. त्याच वेळी नाव काठाला लागली, धक्का बसला आणि जिला काही होणार नव्हतं ती ट्रंक सरळ पाण्यात गेली. पाणी गुडघाभरच होतं. नावाड्याने ती काढून दिली, वर हसलाही. त्याने मुद्दाम केलं असं मी तेव्हा धरून चालले होते. आता तितकी खात्री नाही.

कळसाडी

हिरामायचा मुलगा उत्तम बैलगाडी घेऊन आला होता. चाळिशीचा, अबोल माणूस. दोन्ही बाजूंना ऊस, मग कापूस, मग पुन्हा ऊस. कापूस वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या, कमरेला ओटी बांधलेली. उत्तरेला सातपुडा. तो गाडीबरोबर चालतो आहे असंच वाटत राहतं, जवळ येत नाही आणि मागेही पडत नाही. भिकीबाई आमच्याच गाडीत बसली होती. वाटभर ती माझ्याकडे दयेने बघत होती आणि मी सातपुड्याकडे.

हिरामाय साठीच्या, उंच, भक्कम, आवाज शेतातून घरात आणि घरातून शेतात जाईल असा. ही मंडळी कैक पिढ्यांपूर्वी गुजरातेतून येऊन तापीकाठी स्थायिक झालेली. घरात आपसांत गुजरी बोलतात, गावाशी अहिराणी आणि माझ्यासारखीशीही अहिराणीच, फक्त जरा सावकाश. घरात शिरले तर पुढची अख्खी खोली कापसाने भरलेली. पाहुण्याला बसायला पाट नाही, खुर्ची नाही, त्या ढिगातच बसवतात. मी बसले ती कमरेपर्यंत आत गेले. उठायला हिरामायचा हात धरावा लागला.

"ये व बहीण," त्या म्हणाल्या. "साहेबनी बहीण ती मन्ही बहीण. हाऊ घर तुन्हंच शे."

बस, एवढंच. नवरा कुठे, काय करतो, मुलंबाळं किती, काही नाही. माझ्या अनुभवात जो विचारत नाही त्याला ठाऊक असतं. दादाने पत्र लिहिलं असणार, असं मनात आलं. पण पत्र लिहिलं असेल, तर टाकलेल्या बाईला कुणी असं घरात घेईल का? मग लिहिलं नसणार. मग या विचारत का नाहीत? रात्री अंथरुणावर पडेपर्यंत मी हेच उलटंपालटं करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवंच संकट उभं राहिलं. ट्रंकेत पाणी शिरलं होतं. करंडा उघडला होता आणि माझ्या तीन फिक्या पातळांवर कुंकवाचे लालभडक ओघळ उतरले होते. मी ती लपवायच्या आत हिरामायची सून रेशम हसतहसत बोचकं घेऊन विहिरीवर गेलीसुद्धा. मी खिडकीच्या आड उभी राहून ऐकत होते.

"माय, आठे ते कुकू शे," रेशम म्हणाली.

हिरामाय म्हणाल्या, "मंग? धुई टाक."

संपलं, मी मनात म्हटलं. विधवेच्या ट्रंकेत कुंकू. आता चौकशी होणार, खोटं बाहेर पडणार, उत्तम पुन्हा गाडी जुंपणार. दिवसभर मी वाट पाहिली. कुणी काही बोललं नाही. दोरीवर माझी गुलाबी पडलेली पातळं वाळत होती आणि येणारा जाणारा त्यांच्याकडे बघत होता.

संध्याकाळी भरताचा बेत झाला. हे भरीत आमच्याकडच्यासारखं नव्हे. परसात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्यांचा जाळ करून त्यात हिरवी लांबट वांगी भाजतात आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचतात. वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद घालून दळलेली. मला आधी वाढलं आणि तिघं माझ्या हाताकडे बघत बसले. एवढं निरखून कशाला बघतात, असं वाटून मी दोन घासांत हात आखडला.

"जेव ना व बहीण," हिरामाय म्हणाल्या. "काय चिडीवानी टोची ऱ्हायनी?"

"तिखट आहे," मी म्हटलं. तिखट होतंच, पण खरं कारण ते नव्हतं. चार महिने मी अशीच चिमणीसारखी टोचत होते.

दारवर

चौथ्या दिवशी दुपारी मी कापसात बसून सरकी निवडत होते, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. अकरा बाया, सगळ्यांचे पदर हनुवटीपर्यंत ओढलेले, ओळीने दारातून आत आल्या. पुढे भिकीबाई. मी उठायला गेले, पण त्या ढिगातून लवकर उठता येत नाही.

"बठ, बहीण," हिरामाय म्हणाल्या. "बाया दारवर उन्यात."

दारवर येणं म्हणजे मयताच्या घरी भेटायला येणं. आमच्याकडे अशा वेळी लोक सतरंजीच्या कडेला बसतात, "फार वाईट झालं" म्हणतात, जरा वेळ पंख्याकडे बघतात आणि उठतात. इथे बाया बसल्या त्या माझ्याभोवती गोल करून, गुडघ्याला गुडघा लावून. आणि एकदम, कुणी खूण केल्यासारखा, सगळ्यांनी गळा काढला.

मी घाबरून पदर तोंडावर घेतला. एक जिवंत माणूस नाशिकला ऑफिसात बसून चहा पीत होता आणि इथे माझ्या खोटेपणापायी अकरा बाया त्याच्या नावाने रडत होत्या. याचं पाप कुठे फेडणार होते मी? पदराच्या आतून मी श्वास धरून ऐकू लागले. कुणाच्या तोंडून काय निघतं, कोण माझी परीक्षा बघतं, हे मला पकडायचं होतं. सवयच ती.

"मन्ही बहीण वं," एक रडत होती, "तुन्ही चूल कशी थंडी पडनी वं."

"चोईस वरीसना संसार वं," दुसरी.

"तुन्हा हंडा कोन भरी वं, तुन्हा उंबरा कोन सारी वं."

मी ऐकत राहिले. चुलीसाठी रडल्या, हंड्यासाठी रडल्या, दारातल्या तुळशीसाठी रडल्या. मला चमत्कारिक वाटू लागलं. मेलेल्या माणसाचं नाव कुणीच घेत नव्हतं. तो कसा होता, कशाने गेला, कुणाला टाकून गेला, एक शब्द नाही. भिकीबाईने तर नावेत त्याची चौकशी केली होती. मग आता का नाही? यांना संशय आला आहे, मी ठरवलं. माझं तोंड बघण्यासाठीच या आल्या आहेत. एवढ्यात चोवीस हा आकडा कानात पुन्हा वाजला. तो मी इथे कुणालाच सांगितला नव्हता.

तेवढ्यात हिरामाय पुढे सरकल्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जड, खरबरीत हात. आणि त्या त्यांच्या शेतापार जाणाऱ्या आवाजात रडल्या, "कोनी सांगं नही वं तुले, मन्ही बहीण, कोनीच सांगं नही वं."

सगळ्या बायांनी ते उचललं. "कोनी सांगं नही वं. कोनीच सांगं नही."

मग मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी ओरडले. रडले म्हणत नाही, ओरडले. दूधवाल्यासाठी, काकूंसाठी, सहा वर्षं ऊन करून दिलेल्या जेवणासाठी, त्यांच्या सदऱ्याला मीच शिवलेल्या गुंड्यांसाठी, त्या सदऱ्याने ते कुठे जात होते ते न कळलेल्या माझ्या मूर्ख हातांसाठी. कापूस नाकातोंडात जात होता. कुणीतरी माझी पाठ घट्ट धरली होती. कोण बघतं आहे याचा त्या वेळी मला पत्ता नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग एकेक बाई थांबत गेली. रेशमने पाण्याचा हंडा आणला. सगळ्यांनी तोंडं धुतली, गुळाचा चहा घेतला आणि अंगणात बसून जावांच्या, सुनांच्या, कापसावरच्या अळीच्या गप्पा सुरू झाल्या. एक तर हसलीसुद्धा. कुणी आंघोळीला गेली नाही. मयताला भेटून आलं की आंघोळ करतात, निदान आमच्याकडे करतात. शिवाय निघताना भिकीबाई म्हणाली, "जातसूत बहीण, सकाय येसूत." मयताच्या घरून निघताना 'येते' कुणी म्हणत नाही, हे लहान पोरीलाही माहीत असतं. मी ते सगळं टिपून ठेवलं. पण अंगात संशय घ्यायची ताकद नव्हती.

त्या रात्री मी झोपले ते उन्हं वर आल्यावर उठले. कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या. हिरामायनी तिसरी वाढली आणि या वेळी माझ्या हाताकडे न बघता त्या अंगणाकडे बघत बसल्या.

तळोदा

त्यानंतरचे दिवस सोपे गेले. मी कापूस वेचायला गेले, बोटं बोंडांनी फाडून घेतली. उसाच्या गुऱ्हाळावर काकवी प्यायले. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या देवळात जाऊन आले. बाया येत-जात राहिल्या. एक माझ्याकडून नाशिकचा चिवडा शिकली, तिने मला फुणके शिकवले. डाळीचे उकडलेले मुटके असतात, कढीत बुडवून खायचे. मात्र डोक्यातला एक प्रश्न काही हलत नव्हता. हिरामायला 'कोणी सांगितलं नाही' हे कुणी सांगितलं होतं? मी दोनदा विचारायला गेले आणि दोन्ही वेळा धीर झाला नाही. विचारलं तर माझं खोटं मलाच काढावं लागणार होतं.

निघायच्या दोन दिवस आधी हिरामाय म्हणाल्या, "चाल, तळोदाना बाजार देखाडस तुले." मला लगेच शंका आली की एखाद्या भगताकडे नेणार, मंत्रतंत्र करणार. तरी गेले.

तळोदा सातपुड्याच्या अगदी पायाशी आहे. कळसाडीहून जो डोंगर निळा दिसतो, तो इथे एकदम तपकिरी होऊन अंगावर येतो. त्यातल्या वाटा, झाडं, वर जाणारी माणसं, सगळं दिसतं. बाजारात डोंगरातले लोक चारोळी, डिंक, बांबूच्या टोपल्या घेऊन आलेले. बायकांच्या गळ्यात चांदीचे जड दागिने, बोलणं माझ्या कानाला अजिबात न लागणारं. हिरामायना मात्र लागत होतं. एक जीपवाला "मोलगी, मोलगी" असं डोंगरातल्या गावाचं नाव ओरडत माणसं भरत होता. जीपच्या टपावरही माणसं, बोनेटवरही. मला म्हणाला, "चला बाई, जागा आहे." मी त्या जीपकडे नीट पाहिलं. जागा नव्हती.

हिरामाय मला भगताकडे नाही, कासाराकडे घेऊन गेल्या. चिंचेखाली त्याने काचेच्या बांगड्यांचे तोडे मांडले होते. त्यांनी बसकण मारली, माझा हात धरून त्याच्यापुढे केला आणि म्हणाल्या, "भर हाई बहीणना हातमा."

विधवेच्या हातात काचेच्या बांगड्या, भर बाजारात? हा नक्की सापळा होता. मी हात मागे ओढला. "हिरामाय, मला चालत नाहीत. तुम्हाला माहीत आहे ना, ते..."

"माले ठाऊक शे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तो जित्ता शे."

कासार बांगड्या लावण्यात गुंतलेला होता, किंवा तसं दाखवत होता. मी खाली मान घालून विचारलं, "कधीपासून?"

"तू येवाना आठ दिन आगोदर. साहेबना कागद उना. माले वाचता येत नही, शाळाना मास्तरनी वाचा. आंगनमा. समद्या बाया बठेल व्हत्यात."

म्हणजे पुन्हा तेच झालं होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि मला एकटीला नव्हतं. माझं तोंड कडू झालं. मी म्हटलं, "मग भिकीबाईने नावेत..."

"भिकीले ठाऊक नव्हतं, ती माहेरथीन येई ऱ्हायनी व्हती. ती घर उनी, सांगं, पाहुणीना मालक मरना. आमी समद्या बाया इचारमा पडनूत. रेशम बोलनी, ती खोटं काबरं बोलनी? मी सांगं, पोरी, मरेल मानूसनी बाईना दारवर समदा येतस. सोडेल बाईना दारवर कोनी येस का? तिले दारवर कोनीतरी येवाले पाहिजे, म्हनीसन बोलनी."

त्या पुढे म्हणाल्या, "पन जित्ता मानूसनं नाव लिसन रडानं म्हंजे वंगाळ. मंग आमी ठरावं, त्यानं नाव लेवानं नही. चुलानं नाव लिसन रडूत. चूल ते खरंच थंडी पडनी ना तुन्ही?"

मी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि या वेळी कुणी बघतं आहे का, ते मी पाहिलं नाही. ज्या गोष्टीने माझा संसार बुडाला होता, सगळ्यांनी मिळून माझ्यापासून एक गोष्ट लपवण्याची, नेमकी तीच या बायांनी केली होती. मात्र माझ्यासाठी.

"कागदात काय होतं?" मी विचारलं.

हिरामायनी जरा आठवलं. मास्तरांनी वाचलेले शब्द त्यांनी तसेच ठेवले असावेत, कारण त्या एकदम शाळेतल्यासारखं बोलू लागल्या. "माझ्या बहिणीचा चोवीस वर्षांचा संसार मोडला. तिला कोणी सांगितलं नाही. मलाही दोन वर्षं आधी कळलं होतं, मीही सांगितलं नाही. ती अजून रडलेली नाही. माझ्यासमोर ती रडणार नाही. तुम्ही तिला घरी न्या."

दादालाही ठाऊक होतं. हे मला आजवर कळलं नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं, कारण उत्तराची मला भीती वाटत होती. राग आला. खोटं कशाला बोलू, फार राग आला. पण तो राग चार महिन्यांपूर्वीसारखा आत बसून राहिला नाही. वाचता न येणाऱ्या बाईला पत्र लिहून दादाने आपला गुन्हा अंगणात, सगळ्यांदेखत वाचला जाऊ दिला होता.

"हिरव्या नको व्हतीन ते निळ्या ले," हिरामाय म्हणाल्या. "निळ्या बांगड्या कोनाच नावन्या ऱ्हात नहीत."

निळ्या घेतल्या. कासाराने हात दाबून दाबून चढवल्या, एकही फुटली नाही.

नाशिक

निघताना अकरा जणी नावेपर्यंत आल्या. पातळांवरचे डाग काही गेले नव्हते. रेशमने शेवटी तिन्ही पातळं नीट एकसारखी गुलाबी रंगवून दिली. नावाडी तोच होता. ट्रंक मी स्वतः मधोमध ठेवली.

नाशिकरोडला दादा उभा होता. त्याने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बांगड्यांकडे आणि मग ट्रंक उचलायला वाकला. टांग्यात बसल्यावर मी विचारलं, "भाचीचं पाहणं झालं का?"

"नाही," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात बोलावलं आहे त्यांना. आत्या घरात नसताना कसं करायचं?"

बराच रस्ता गेला. मी म्हटलं, "दादा, मी रडले."

"हं," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं, तेही मला कळलं."

त्याने चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिला. घर येईपर्यंत त्याने तो पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही. मी त्याच्या मांडीवर हात ठेवला, हिरामायनी माझ्या गुडघ्यावर ठेवला होता तसा. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या गप्प बसण्यामागे काय असेल ते शोधत बसले नाही. टांगेवाला मात्र आम्हाला लांबच्या रस्त्याने नेत होता, याबद्दल माझी आजही खात्री आहे.